खुलताबादचा रिकामा मकबरा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालेली माणसं दौलताबादचा घाट चढून खुलताबादेत थांबतात, ती बहुधा भद्रा मारुतीसाठी, नाहीतर औरंगजेबाची कबर पाहायला. ती कबर पाहून नवखा माणूस चकित होतो. वर छत नाही, घुमट नाही. मातीची साधी कबर आणि तिच्यावर वाढलेलं सब्जाचं रोप. गावाचं जुनं नाव रौजा. आपलं शहर ज्यानं खडकी या नावानं वसवलं, तो मलिक अंबर इथेच निजला आहे. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात हैदराबादचा पहिला निजाम आहे, आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाहही याच मातीत आहे. जवळच सुलीभंजनच्या डोंगरावर एकनाथ महाराजांनी तप केलं. इथल्या प्रत्येक कबरीला तिचा धनी आहे.

एकीला मात्र नाही. गावाबाहेर तुर्की धाटणीचा एक मकबरा आहे. सातवा निजाम मीर उस्मान अली खान यानं तो १९४० च्या दशकात बांधवला, तोही उस्मानी घराण्यातल्या शेवटच्या खलिफासाठी, म्हणजे दुसऱ्या अब्दुलमजीदसाठी. इमारत उभी राहिली, मयत आलीच नाही.

हा खलिफा मुळात चित्रकार होता. त्याचं १९१५ चं एक गाजलेलं चित्र आहे. राजवाड्यातल्या दालनात एक स्त्री व्हायोलिन वाजवते आहे, पियानो चालू आहे, बाजूला बीथोवनचा अर्धपुतळा आहे आणि लष्करी गणवेशातला अब्दुलमजीद स्वतः बसून ऐकतो आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये तो खलिफा झाला. ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेनं खिलाफत बरखास्त केली आणि त्याच रात्री त्याला देश सोडायला सांगितलं. इस्तंबूलच्या मुख्य स्थानकावर गर्दी जमेल म्हणून कुटुंबाला मोटारीनं शहराबाहेरच्या चताल्जा स्थानकावर नेलं.

मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं ते चताल्जाच. गाडीला वेळ होता. तिथला स्टेशनमास्तर ज्यू होता. त्यानं या बेघर झालेल्या कुटुंबाला आपल्या घरात नेलं, बसायला जागा दिली, चहा दिला. खलिफानं आभार मानले तेव्हा तो गहिवरला. आभार मानायचे तर आम्ही मानायला हवेत, अशा अर्थाचं तो बोलला. आमच्या पूर्वजांना स्पेनमधून हाकललं तेव्हा तुमच्याच घराण्यानं आसरा दिला होता. खलिफाचे सचिव सालिह केरामेत निगार यांनी ही आठवण लिहून ठेवली. १४९२ मध्ये स्पेननं ज्यूंना देशोधडीला लावलं आणि सुलतान दुसरा बायेझिद यानं त्यांना आपल्या मुलखात घेतलं. इस्तंबूल, सलोनिका, इझमीर इथं त्यांचे मोहल्ले वसले. सव्वाचारशे वर्षांपूर्वीच्या त्या उपकाराची फेड एका लहानशा स्थानकावर चहाच्या पेल्यानं झाली.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेले बेने इस्रायल कोकणात घाण्याचं तेल गाळू लागले, शनिवारी काम बंद ठेवत म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं, आणि ते मराठीच झाले.

चताल्जाहून खलिफा आधी स्वित्झर्लंडला आणि तिथून फ्रान्समध्ये नीसला गेला. निजामानं त्याला दरमहा ३०० पौंडांचं वेतन बांधून दिलं. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्येच त्याची लेक दुर्रूशेहवार निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाहला, आणि घराण्यातलीच निलोफर धाकट्या मुअज्जम जाहला दिली. दोघींच्या नावांची रुग्णालयं आजही हैदराबादेत आहेत.

२३ ऑगस्ट १९४४ रोजी पॅरिसमध्ये खलिफा वारला. दोन दिवसांनी पॅरिस जर्मनांच्या तावडीतून सुटलं. तुर्कस्ताननं दफनाला परवानगी दिली नाही, आणि शव पॅरिसच्या मोठ्या मशिदीत ठेवलं गेलं, तब्बल दहा वर्षं. याच मशिदीनं नाझींच्या काळात ज्यूंना लपवल्याच्या हकिकती सांगतात. अल्जीरियाचा ज्यू गायक सलीम हलाली त्यांतला एक. चताल्जाचा धागा असा पॅरिसपर्यंत येऊन पोहोचतो. इकडे सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, आणि खुलताबादचा मकबरा रिकामाच राहिला. अखेर १९५४ मध्ये खलिफाला मदिनेत, जन्नतुल बकीमध्ये माती मिळाली.

निजामाचं नाव निघालं की मराठवाड्याच्या मनात रझाकारांचे दिवस जागे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्यांनी त्या दिवसांत रक्त सांडलं आहे. पण त्या रागापायी हा मकबरा नजरेआड करणं मला पटत नाही. तो निजामाच्या वैभवापेक्षा एका बेघर माणसाच्या वाटचालीची खूण आहे, आणि त्या वाटेवर ज्यू, तुर्क, फ्रेंच आणि आपण असे सगळे भेटतो.

आपल्या विद्यापीठात इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. तिथं किंवा शहरातल्या एखाद्या सभागृहात आठवडाभराचं प्रदर्शन भरवता येईल. एका भिंतीवर चताल्जाची हकीकत, दुसरीवर नवगावच्या तेल्यांची, मधोमध खलिफानं काढलेल्या त्या चित्राची प्रत आणि खुलताबादच्या मकबऱ्याचे फोटो. शाळांच्या सहली वेरूळला जातातच. एक बस त्या प्रदर्शनापाशी थांबवावी, आणि मग मुलांना खुलताबादेत उतरवून आधी सब्जाचं रोप वाढलेली ती कबर आणि मग हा रिकामा मकबरा दाखवावा. शहरातल्या इतिहासाच्या शिक्षकांनी हे मनावर घ्यावं, एवढीच विनंती.