चिक्की टिकते, पाव का नाही?

जुलैतलं लोणावळा. घरात भिंतीही ओल्या. बेकरीतून आणलेल्या लादीपावावर दोन-तीन दिवसांत हिरवट ठिपके उठतात. शेजारच्या बंद डब्यातली चिक्की मात्र महिनाभर कुरकुरीत. पाकिटातला ब्रेड या दोघांच्या मधला, आठवडाभर तग धरणारा. असं का?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. भट्टीच्या आचेत पावावरचे मरतात, पण पाव गार होताना आणि कापताना नवे येऊन बसतात. त्यांना वाढायला पाणी हवं. पावाच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी पाणीच! चिक्कीचा पाक मात्र कडक होईपर्यंत आटवलेला असतो आणि उरलंसुरलं पाणी गूळ-साखर धरून ठेवते. विहीर आहे, पण पोहरा नाही.

ब्रेडमधलं पाणी काढलं तर त्याचा टोस्ट होईल. म्हणून त्यात बहुधा कॅल्शियम प्रोपिओनेट घालतात. पाकिटावर त्याचा क्रमांक 282 असतो. पिठाच्या किंचित आंबटपणात त्याचं आम्ल होतं आणि ते बुरशीच्या पेशीत शिरतं. आगंतुक पाहुण्याला बाहेर काढण्यातच पेशीची ताकद संपते आणि वाढ खुंटते. यीस्टला त्याचा त्रास कमी, म्हणून पीठ फुगतंच.

फ्रिजमध्ये बुरशी मंदावते, पण पिठातला स्टार्च लवकर घट्ट होऊन पाव वातड लागतो. जास्त दिवस ठेवायचा तर फ्रीझर बरा. आणि ठिपका दिसला, तर तेवढाच तुकडा काढून भागत नाही: बुरशीचे तंतू आत पसरलेले असतात.