रिपोर्टातला ‘एलएच’ आणि पाळीचा दिवस

मागच्या महिन्यात फैजपूरला आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बायका उठू लागल्या. तेव्हा एका सुनेनं पदराआडून घडी घातलेला कागद काढला. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. रक्ताच्या रिपोर्टात ‘एलएच’पुढे ‘जास्त’ अशी खूण होती. घरात तेवढ्या खुणेवरून निकाल लागला होता, “हिच्यातच दोष आहे.” मी विचारलं, “रक्त पाळीच्या कितव्या दिवशी दिलं?” ती म्हणाली, “ते कुणी विचारलंच नाही, ताई.”

आज त्याच खुणेबद्दल बोलू.

आपल्या मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. एलएच हे हार्मोन तिथून रक्तात येतं. पाळीच्या साधारण मध्यावर ते एकदम कितीतरी पट वाढतं आणि पुढच्या दीड दिवसात बीजकोशातून स्त्रीबीज सुटतं. म्हणजे त्या दिवसांत एलएच वाढलेलं असणं हा आजार नाही, शरीराचं काम नीट चालल्याची ती खूण आहे.

पण रक्ताच्या थेंबात हजार पदार्थ असतात. त्यातून एलएच शोधायचं कसं? त्यासाठी लागतं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी. केळीच्या बागेत साप चावला तर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते आठवा. घोड्याला विष थोडं थोडं टोचतात, त्याचं रक्त त्या विषाला पकडणारी प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच आपल्या कामी येतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेनं हे औषध वर्षानुवर्षं बनवलं. प्रयोगशाळेतही तसंच. सशाला किंवा उंदराला शुद्ध एलएच टोचलं की त्याचं शरीर एलएचला पकडणारी प्रतिपिंडं बनवतं. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच जातीचं प्रतिपिंड पेशींकडून हवं तितकं करून घेण्याची रीत शोधली. त्यामुळे सगळीकडे सारखी तपासणी करणं सोपं झालं.

यात एक अडचण होती. एलएच, एफएसएच, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच आणि गरोदरपणातलं एचसीजी ही चार हार्मोन्स म्हणजे एकाच मागावरची चार लुगडी. अंग सगळ्यांचं एकच, पदर तेवढा निराळा. प्रतिपिंडानं नुसतं अंग पकडलं तर एलएच कोणतं नि एचसीजी कोणतं हे कळणार नाही. म्हणून पदर ओळखणारं प्रतिपिंड लागतं. १९७२ साली अमेरिकेत ज्युडिथ वैतुकैतिस या बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसोबत एचसीजीचा पदर ओळखणारी तपासणी दाखवून दिली. आशाताई देतात त्या गरोदरपणाच्या पट्टीमागे हीच युक्ती आहे. त्याच्याही आधी प्रतिपिंडानं हार्मोन मोजण्याची पद्धत शोधणाऱ्यांत रोझलिन यालो होत्या. त्यांना त्यासाठी १९७७ साली नोबेल मिळालं.

म्हणजे आज प्रतिपिंड आपलं काम बहुतेक चोख करतं. रक्तात एलएच किती, ते सांगतं. पण पाळीचा कितवा दिवस आहे, ते त्याला कळत नाही. ते आपणच सांगायचं असतं. रिपोर्टाखाली पाळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांचे वेगवेगळे आकडे छापलेले असतात. मधल्या दिवसाचं रक्त सुरुवातीच्या दिवसांच्या आकड्याशी ताडलं, तर ‘जास्त’ दिसणारच.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. पाळी आली की कॅलेंडरवर खूण करा. मूल होत नाही म्हणून एलएच, एफएसएच तपासायला सांगितलं तर ते बहुधा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करतात, तेव्हा दिवस डॉक्टरांना विचारून घ्या आणि रक्त देताना सांगा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, त्यानं काही तपासण्यांचे आकडे चुकतात. आणि औषधाच्या दुकानात मिळणारी बीज सुटण्याची पट्टी गरोदरपणाच्या पट्टीसारखी वाचू नका. गरोदरपणाच्या पट्टीवर फिकट रेघही धरतात, इथे मात्र तपासणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी गडद लागते. पीसीओएस असेल तर एलएच एरवीही वाढलेलं असू शकतं आणि पट्टी फसवू शकते.

आणखी एक. एलएच आणि एफएसएच पुरुषांच्याही शरीरात असतं आणि वीर्य तयार होण्यासाठी ते लागतं. मूल होत नसेल तर तपासणी दोघांची व्हायला हवी. वीर्याची तपासणी तर सोपी आणि बिनदुखण्याची.

आमच्या त्या सुनेनं तारीख मोजली. रक्त दिलं तो दिवस चौदावा निघाला. डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिनं पुढच्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त दिलं, आकडा ठीक आला. मूल का होत नाही याचं उत्तर अजून मिळालेलं नाही, शोध चालू आहे. पण या वेळी दवाखान्यात नवराही सोबत गेला होता आणि कागद दोघांच्या नावाचे झाले.