कच्च्या सुरांचा ठेवा

छापील पुस्तक आपल्या हाती येते, तेव्हा लेखकाने खोडलेल्या ओळी त्यात दिसत नाहीत. ध्वनिमुद्रित गाण्याचेही तसेच असते. आपण ऐकतो ते गाणे अनेक प्रयत्नांतून निवडलेले, तासून-पुसून सिद्ध केलेले असते. आधीचे प्रयत्न ध्वनिफितींच्या कपाटात पडून राहतात, कधी पुसले जातात, तर कधी कायमचे हरवतात. परंतु एखाद्या कलावंताची कीर्ती झाल्यावर हेच जुने तुकडे शोधून, स्वच्छ करून एकत्र प्रसिद्ध केले जातात. अशा संग्रहाला संकलित अल्बम म्हणतात. या प्रकारचा एक प्रसिद्ध संग्रह म्हणजे ‘बीटल्स’ या इंग्रज रॉक बँडचा ‘अँथॉलॉजी १’. तो नोव्हेंबर १९९५ मध्ये दोन सीडींच्या स्वरूपात प्रकाशित झाला.

रॉक हा गिटार आणि ड्रम यांच्या जोरकस ठेक्यावर उभा असलेला पाश्चात्त्य संगीतप्रकार आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात वाढलेल्या बीटल्सनी १९६० च्या दशकात तो जगभर लोकप्रिय केला. त्यांच्यापैकी जॉर्ज हॅरिसन यांनी पुढे पंडित रविशंकर यांच्याकडे सतारीचे धडे घेतले, त्यामुळे भारतीयांनाही हे नाव परिचित आहे. मात्र ‘अँथॉलॉजी १’ मधील बहुतेक ध्वनिमुद्रणे १९५८ ते १९६४ या काळातील आहेत. त्यांतील सर्वांत जुनी तर बीटल्स हे नावही नव्हते, तेव्हाची आहेत.

१९५८ साली लिव्हरपूलमधील पाच मुले पर्सी फिलिप्स यांच्या घरातील लहानशा स्टुडिओत गेली. त्यांच्या बँडचे नाव होते ‘क्वारीमेन’. जॉन लेनन सतरा वर्षांचे, पॉल मॅकार्टनी सोळा वर्षांचे आणि जॉर्ज हॅरिसन पंधरा वर्षांचे होते. त्यांच्यासोबत पियानोवर जॉन लो आणि ड्रमवर कॉलिन हँटन होते. सतरा शिलिंग सहा पेन्स, म्हणजे एका पौंडाहूनही कमी रक्कम देऊन त्यांनी दोन गाणी मुद्रित करून घेतली. त्यांतील एक अमेरिकन गायक बडी हॉली यांचे होते, तर दुसरे मॅकार्टनी आणि हॅरिसन यांच्या नावावर असलेले स्वतःचे.

या गाण्यांची एकच तबकडी तयार झाली. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारख्या मऊ रसायनाचा थर देऊन अशा तबकड्या बनवीत. सुई फिरली की थर झिजे आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा खराब होई. पाचही मुलांनी ती आळीपाळीने आपापल्या घरी ठेवली. अखेर ती जॉन लो यांच्याकडे राहिली आणि दोन दशकांहून अधिक काळ त्यांच्यापाशीच होती. १९८१ मध्ये मॅकार्टनी यांनी ती त्यांच्याकडून विकत घेतली. ती एक चकती फुटली असती, तर एका मोठ्या संगीतप्रवासाचा पहिला टप्पा जगाला कधीच ऐकू आला नसता.

या संग्रहात अपयशालाही जागा आहे. १ जानेवारी १९६२ रोजी बीटल्सनी लंडनमध्ये डेक्का या कंपनीसाठी चाचणी म्हणून पंधरा गाणी मुद्रित केली. कंपनीने त्यांना नाकारले. त्या पंधरांपैकी पाच गाणी ‘अँथॉलॉजी १’ मध्ये आहेत. निवड बरीचशी इतरांच्या गाण्यांची होती. पंधरांत स्वतःची अवघी तीन. पुढे ज्यांची ओळखच स्वरचित गाण्यांमुळे झाली, त्यांनी त्या दिवशी स्वतःचे असे फारसे काही पुढे ठेवले नव्हते, हे येथे स्पष्ट होते.

त्याच वर्षी ६ जून रोजी ईएमआय कंपनीच्या लंडनमधील स्टुडिओत त्यांनी चार गाणी मुद्रित केली. त्यांपैकी दोनच आज उपलब्ध आहेत. एक आहे ‘लव्ह मी डू’. ड्रमवर पीट बेस्ट आहेत. गाण्याच्या मधल्या भागात ठेका बदलतो आणि लय डळमळते. निर्माते जॉर्ज मार्टिन त्यांच्या वादनावर समाधानी नव्हते. ऑगस्टमध्ये बेस्ट यांना बँडमधून काढण्यात आले आणि रिंगो स्टार आले. हेच गाणे सप्टेंबरमध्ये पुन्हा मुद्रित झाले, ५ ऑक्टोबर १९६२ रोजी प्रसिद्ध झाले आणि बँडच्या यशाची सुरुवात झाली.

पीट बेस्ट यांची कथा अनेकांनी लिहिली होती. पण त्या दिवशी नेमके काय वाजले, हे सामान्य श्रोत्याला १९९५ पर्यंत ठाऊक नव्हते. आता दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून प्रत्येकाला स्वतःचे मत बनविता येते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. संग्रहातील अनेक गाण्यांवर बेस्ट यांचे वादन असल्यामुळे त्यांना त्याचे मानधन मिळाले. तेहेतीस वर्षांपूर्वी वगळल्या गेलेल्या वादकाच्या श्रमाची ही उशिराने का होईना, झालेली नोंद होती.

मार्च १९६३ मधील एक मुद्रण असेच बोलके आहे. ‘वन आफ्टर ९०९’ हे गाणे वाजविताना बँड मध्येच थांबतो, एकमेकांच्या चुका काढतो आणि पुन्हा सुरुवात करतो. हे सारे संग्रहात तसेच ठेवले आहे. त्या वेळी बाजूला पडलेले हे गाणे १९६९ मध्ये नव्याने मुद्रित झाले आणि १९७० च्या अल्बममध्ये आले.

कलावंताने स्वतः बाजूला सारलेले काम लोकांसमोर आणावे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. अशा संग्रहांमागे व्यापारी हेतूही असतो, हे नाकारता येत नाही. ‘अँथॉलॉजी १’ अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता. शिवाय सदोष मुद्रणाला केवळ नावामुळे थोर म्हणणेही योग्य नव्हे. परंतु ते प्राथमिक रूप आहे हे स्पष्ट सांगून, हयात कलावंतांच्या संमतीने प्रसिद्ध केले, तर त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ मिळते. पूर्ण झालेले गाणे आपल्याला आनंद देते. अपूर्ण गाणे तो आनंद कसा घडविला गेला, हे दाखविते. अडखळलेला ठेका, नाकारलेली चाचणी आणि झिजलेली तबकडी यांतूनच कौशल्याची वाट पुढे गेली. आपल्याही पहिल्या प्रयत्नांचे कागद फाडण्यापूर्वी त्यांकडे एकदा याच दृष्टीने पाहावे.