ब्रंचला जेर महाल!

पहिलं लेक्चर अकराचं आहे ना? मग धोबी तलावला, मेट्रो सिनेमाजवळच्या जुन्या जेर महालात शिरा. तळमजल्यावर १९०४ पासून कयानी आहे. ब्रून मस्का चहात नीट बुडवा, कडक असतो बुवा! भूक जास्त असेल तर अकुरी नाहीतर खिमा-पाव.

बाहेर आलात की मान वर करा. वरच्या मजल्यांवर गोव्यातल्या गावांचे कूड आहेत. बोटीवर नोकरी शोधायला आलेले गोंयकार इथेच उतरायचे.

समोर बास्तानी नावाचं इराणी होतं. तिथल्या नियमांच्या पाटीवरून निस्सीम इझिकेल यांनी चक्क कविता केली. ते मात्र बंद पडलं. तेव्हा नुसता रील काढून सटकू नका, काहीतरी मागवा. चौघांत दोन चहा चालतील, पण गर्दीत टेबल अडवू नका.