शिकाऱ्याच्या अंगात बुरशी

माळ्यावरून जुनं सामान काढताना मेलेला कोळी सापडला, तर त्याचे आठही पाय पोटाशी आवळलेले असतात. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना पाय आत ओढणारे स्नायू आहेत, पण ताणून लांब करणारे नाहीत. पाय पसरायचा तर अंगातला रक्तरस दाबाने पायात ढकलावा लागतो. जीव गेला की दाब जातो आणि पाय मिटतात.

म्हणूनच पावसाळ्यात, दमट रानात, पान उलटल्यावर पाय ऐसपैस पसरून मेलेला कोळी दिसला तर थांबून बघावं. जवळून पाहिलं की त्याच्या अंगावर पांढरट, पिवळसर, कधी फिकट जांभळी लव दिसते. भिंग लावलं की त्या लवेतून उभ्या राहिलेल्या बारीक काड्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर ॲस्परजिलस या बुरशीची आठवण करून देणारी गोल डोकी आणि त्या डोक्यांवर बीजाणू. पायांभोवतीच्या तंतूंनी कोळी पानाला पक्का जखडलेला असतो. ही ‘गिबेलुला’. कोळ्यांवरच जगणाऱ्या बुरश्यांची ही प्रजाती इटलीच्या काव्हारा यांनी १८९४ मध्ये शास्त्राच्या वहीत नोंदवली.

दुसऱ्यांना जाळ्यात पकडून खाणाऱ्या प्राण्याला ही बुरशी गाठते कशी? तिला ना पाय, ना तोंड, ना डोळे. एक बीजाणू कोळ्याच्या अंगावर पडतो, चिकटतो आणि ओलावा मिळाला की रुजतो. मग तो कातडीवर घट्ट दाब देतो आणि सोबत विकरं सोडतो: मेद विरघळवणारी, प्रथिनं तोडणारी आणि कायटिन कापणारी. एवढ्यात कोळ्याने कात टाकली तर तो वाचूही शकतो; जुन्या कातीबरोबर शत्रूही गळून पडतो. नाही टाकली, तर बुरशी आत उतरते, रक्तरसात सुट्या पेशींच्या रूपात वाढत जाते आणि आतलं सगळं खाऊन टाकते. कोळी मेल्यावर ती पुन्हा तंतू धरते, शरीर आतून भरून टाकते आणि कातडी फोडून बाहेर येते, कारण बीजाणू वाऱ्यावर सोडायचे तर बाहेर यायलाच हवं.

यातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट कायटिनची वाटते. कोळ्याचं कवच कायटिनचं आणि बुरशीच्या पेशीची भिंतही कायटिनचीच. स्वतः विटांच्या घरात राहून शेजाऱ्याच्या विटा विरघळवायच्या आणि आपल्या भिंतीला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, असा हा कारभार आहे. आपल्या शरीरात कायटिन नाही, आणि ३७ अंशांची ऊबही या बुरश्यांना सहसा मानवत नाही. तेव्हा बुरशी माणसांचा ताबा घेते असं दाखवणारी ‘द लास्ट ऑफ अस’ ही मालिका बघून कुणी घाबरू नये.

या कायटिनच्या भानगडीत पुण्याने बरंच डोकं घातलं आहे, मात्र कोळ्यांसाठी नाही, तुरीसाठी. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेटारायझियम ही हिरवी बुरशी तुरीवरच्या घाटेअळीविरुद्ध वापरण्यावर काम केलं. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. ही बुरशी प्रयोगशाळेतल्या आयत्या खाद्यावर पुन्हा पुन्हा वाढवत राहिलं की तिची मारकता उतरते. अळी मारायला तिला जास्त वेळ लागू लागतो. तीच बुरशी एकदा जिवंत अळीतून काढून आणली की तिचा जोर परत येतो. आयतं मिळत असताना कवच फोडायची हत्यारं परजून ठेवण्याची गरज तिला पडत नसावी.

मेटारायझियम आता शेतकऱ्याला नवी नाही. उसातल्या हुमणीसाठी कृषी सेवा केंद्रात ती मागून घेतली जाते. तिच्या शेजारच्या फळीवर असते बिव्हेरिया, आणि हीच आपल्या गोष्टीत महत्त्वाची. बिव्हेरिया आणि कोळ्यांवरची गिबेलुला एकाच कुळातल्या, कॉर्डिसिपिटेसी कुळातल्या. इटलीत आगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचं मूळ शोधलं ते याच बिव्हेरियात. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या पुराव्यांपैकी तो एक, पाश्चर आणि कॉख यांच्या कितीतरी आधीचा. म्हणजे फवारणीच्या पंपात ओतली जाणारी ती पांढरी पूड रोगजंतूशास्त्राच्या जन्माची साक्षीदार आहे. पाकिटावर हे कुणी छापत नाही.

मात्र या नातेवाइकांचे स्वभाव पार वेगळे. बिव्हेरियाला कुणीही चालतं. ७०० हून अधिक जातींच्या कीटकांवर ती सापडली आहे आणि तांदळावरसुद्धा ती आनंदाने वाढते. म्हणून तर तिची पाकिटं करता येतात. गिबेलुलाला कोळीच लागतो. प्रयोगशाळेत ती वाढवणं जिकिरीचं. वाढली तरी अगदी रेंगाळत. एका अर्थी हे बरंच आहे, कारण शेतातला कोळी शेतकऱ्याच्या बाजूचा.

गिबेलुला अलीकडे गाजली ती एका नव्या जातीमुळे. २०२१ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये बीबीसीच्या ‘विंटरवॉच’ कार्यक्रमाचं चित्रीकरण चालू असताना, कॅसल एस्पी इथल्या दारूगोळ्याच्या जुन्या पडक्या कोठारात छताला चिकटलेला, बुरशीने माखलेला एक कोळी दिसला. तपासणीत बुरशीची ही जात नवी निघाली. २०२५ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि डेव्हिड ॲटनबरो यांच्यावरून तिला ‘गिबेलुला ॲटनबरोआय’ हे नाव मिळालं. तिला बळी पडणारे कोळी अंधारात, आडोशाला राहणारे; मेलेले मात्र उघड्यावर, भिंतींवर आणि छतावर सापडले. मरण्याआधी त्यांना बाहेर आणणारी ही बुरशीच असावी, असा संशोधकांचा कयास आहे. तिथे हवा खेळती, म्हणजे बीजाणू दूर जाणार. मुंग्यांना झाडावर चढवून पानाला चावा घ्यायला लावणाऱ्या बुरशीबद्दल अनेकांनी वाचलं असेल. हा त्याच चालीचा प्रकार दिसतो.

   

जमिनीत बीळ करून त्याला झाकण लावणारे कोळीही सुटत नाहीत. त्यांना मारणारी बुरशी बिळातून जांभळट दांडा वर काढते आणि तो झाकणातून जमिनीबाहेर उभा राहतो. पूर्वी तिची गणना नोमुरिया प्रजातीत व्हायची. सोयाबीनच्या शेतात दमट हवेत पानांवर अळ्या कडक होऊन आधी पांढऱ्या आणि मग हिरव्या पडतात, तो रोग करणारी बुरशीही त्याच प्रजातीत धरत. पुढे डीएनएने दोघींची घरं वेगळी केली.

सह्याद्रीत झाकणवाले कोळीही आहेत आणि पानाखाली राहणारे उड्या मारणारेही. ताम्हिणीच्या बाजूला श्रावणात फिरताना कीटकांसाठी पानं उलटणारे पुष्कळ असतात. कोळी दिसला की ते पुढे सरकतात. पाय पसरलेला, लव आलेला कोळी दिसला तर तो पानावरून खरवडू नये. आधी वरून आणि बाजूने फोटो काढावेत. जागा आणि तारीख लिहावी, झाड ओळखता आलं तर तेही. अभ्यासासाठी नमुना नेणाऱ्याने तो परवानगी काढून, पानासकट, कागदी पाकिटात न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि दुसऱ्याच बुरश्या त्याच्यावर चढतात. ओळख पटवायला लांब जायला नको. पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरश्यांचं आजरेकर संग्रहालय आहे आणि जिवंत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे.