व्हॅम्पायर-प्रेमकादंबरीतील उंबरठ्याचा नियम : ‘ट्वायलाइट’ मालिकेच्या संदर्भात

प्रस्तावना :

अलौकिक पात्र आणि मर्त्य मनुष्य यांच्यातील प्रेम हा ज्या कादंबरीचा गाभा असतो, तिला ‘पॅरानॉर्मल रोमान्स’ असे संबोधले जाते. अमेरिकन लेखिका स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ (२००५) ही या प्रकारातील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी एक होय. ‘न्यू मून’ (२००६), ‘इक्लिप्स’ (२००७) आणि ‘ब्रेकिंग डॉन’ (२००८) हे तिचे पुढील भाग. या मालिकेत आत येण्याचा अधिकार कोण देतो, या एका प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

‘व्हॅम्पायर’ या शब्दाला मराठीत नेमका पर्याय नाही. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध करताना वेताळासाठी हाच शब्द योजला. तथापि वेताळ परक्या प्रेतात वास करतो व राजाला कोडी घालतो. व्हॅम्पायर हा मृत्यूनंतर उठलेला, रक्तावर जगणारा देह असतो. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

पूर्वपरंपरा :

इंग्रजी गद्यातील व्हॅम्पायरकथेचा आरंभ सामान्यतः जॉन पॉलिडोरी यांच्या ‘द व्हॅम्पायर’ (१८१९) या कथेपासून मानला जातो. शेरिडन ल फानू यांच्या ‘कार्मिला’मध्ये (१८७२) गाडीला अपघात झाल्याच्या निमित्ताने एक तरुणी पाहुणी म्हणून घरात येते. तिला आश्रय देतात ते वडील. परिणाम भोगावा लागतो तो मुलीला. ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’मध्ये (१८९७) हा संकेत नियम म्हणून मांडला आहे. घरातील कोणीतरी बोलावल्याखेरीज व्हॅम्पायरला प्रथम आत येता येत नाही. मनोरुग्णालयात त्याला प्रवेश देतो तो रेनफिल्ड हा रुग्ण. बळी पडते ती मीना.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. हा नियम वरकरणी संमतीचा वाटतो. परंतु आमंत्रणाचा अधिकार घराचा आहे, स्त्रीचा नाही. उंबरठा घराला होता, व्यक्तीला नव्हता.

‘ट्वायलाइट’मधील बदल :

मेयर यांनी परंपरेतील बहुतेक बंधने दूर केली. त्यांच्या व्हॅम्पायरांना क्रूस वा शवपेटी यांचे बंधन नाही. उन्हात त्यांची त्वचा केवळ चमकते. कलन कुटुंब प्राण्यांच्या रक्तावर जगते. त्यामुळे बाह्य बंधनांची जागा आत्मसंयम घेतो. १९१८ पासून सतराव्या वर्षीच थांबलेला एडवर्ड, बेलाच्या रक्ताची अनिवार ओढ असूनही तिला इजा करीत नाही, हीच त्याच्या प्रेमाची कसोटी ठरते.

या बदलात उंबरठ्याचा नियमही नाहीसा होतो. बेला झोपेत असताना एडवर्ड तिच्या नकळत रात्रीमागून रात्री तिच्या खोलीत येतो. हे कळल्यावर तिला संताप येत नाही; उलट ती सुखावते. तिला संकोच वाटतो तो झोपेत आपण काय बोललो असू याचा. कथेचे निवेदन बेलाच करीत असल्याने वाचकही ही घटना तिच्याच दृष्टीने पाहतो. याच प्रेमकथेचे एडवर्डच्या बाजूने निवेदन करणाऱ्या ‘मिडनाइट सन’मध्ये (२०२०) मात्र तो या वर्तनाबद्दल स्वतःला दोष देतो.

मनाचा उंबरठा :

तथापि मालिकेत नियम सर्वस्वी लोप पावत नाही. तो स्थलांतरित होतो. एडवर्डला इतरांच्या मनातील विचार ऐकू येतात, केवळ बेलाचे मन त्याला बंद आहे. जागेपणी बंद असलेले हे दार झोपेतील बोलण्याने किलकिले होते, म्हणूनच रात्रीच्या त्या प्रवेशाचे गांभीर्य वाढते. ‘ब्रेकिंग डॉन’च्या अखेरीस, स्वतः व्हॅम्पायर झालेली बेला आपल्या मनाभोवतीचे कवच स्वेच्छेने दूर सारते आणि एडवर्डला आपले विचार प्रथमच पाहू देते. परंपरेतील आमंत्रण येथे पुन्हा अवतरते. या वेळी ते वडील वा रेनफिल्ड देत नाहीत, ती स्वतः देते.

निष्कर्ष :

१) जुन्या कथांतील उंबरठ्याचा नियम घराचे रक्षण करीत होता, स्त्रीच्या संमतीची हमी त्यात नव्हती.

२) ‘ट्वायलाइट’मध्ये नायकाचा संयम या नियमाची जागा घेतो. परंतु संयम हा संमतीचा पर्याय होऊ शकत नाही. कारण तो कधी पाळावा व कधी नाही, हे संयम बाळगणाराच ठरवितो.

३) मालिकेचा शेवट आमंत्रणाचा अधिकार नायिकेच्या हाती देतो, मात्र तोवर ती दुर्बल राहिलेली नसते. दुर्बल असताना हा अधिकार तिला का मिळाला नाही, हा प्रश्न शिल्लक राहतो.

किशोरवयीन वाचकांना ही कादंबरी प्रिय आहे. तिला उथळ म्हणून बाजूला सारण्याने त्यांचे वाचन थांबत नाही. वर्गात तिची चर्चा झाल्यास ‘तो प्रेम करतो का?’ या प्रश्नाआधी ‘त्याला आत कोणी बोलावले?’ हा प्रश्न विचारला जाणे अधिक उपयुक्त ठरेल.