सहाशे सहासष्ट आणि सरडेवाडीचा टोलनाका

लोणी देवकरच्या एमआयडीसीत कंपनीच्या गेटवर हजेरीला अंगठा. रेशनच्या दुकानात अंगठा. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड. इंदापूरजवळ सरडेवाडीच्या टोलनाक्यावर काचेला फास्टॅग नसेल तर जास्तीचे पैसे. हे सगळं रोज बघणाऱ्या ख्रिस्ती माणसाला बायबलमधल्या प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय आठवला नसता तरच नवल. श्वापद लहानथोर, श्रीमंत, गरीब, स्वतंत्र, दास अशा सगळ्यांना उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण घ्यायला लावेल, ती नसेल त्याला विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, आणि श्वापदाची संख्या ६६६, असं तिथे म्हटलं आहे.

मग प्रार्थनासभा संपून चहा आला की प्रश्न ठरलेला: आधार कार्ड हीच ती खूण का? २०२१ मध्ये हाच प्रश्न लसीबद्दल होता. त्याआधी बिस्किटाच्या पुड्यावरच्या बारकोडबद्दल होता. उद्या आणखी कशाबद्दल असेल. प्रश्न विचारणाऱ्यांवर राग नाही. ते घाबरलेले असतात आणि प्रामाणिकपणे विचारतात. राग आहे तो व्हिडिओ बनवून पुढे ढकलणाऱ्यांवर. एक मावशी याच भीतीने रेशनकार्डाला आधार जोडायला तयार नव्हत्या, आणि त्यांच्या घरचं धान्य अडलं होतं. व्हिडिओवाल्याचं काय जातं?

आधी साध्या वस्तुस्थितीचं बघू. आधारचा क्रमांक १२ आकडी असतो. पहिला आकडा शून्य किंवा एक नसतो, शेवटचा आकडा आधीच्या ११ आकड्यांवरून हिशेब करून येतो, बाकी आकडे यदृच्छया पडतात. त्यात कुणाच्या नशिबी ६६६ येतही असेल. मोबाइल नंबरातही येतो. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून ते ना कुणाच्या कपाळावर उमटलं ना हातावर. फास्टॅग चिकटतो गाडीच्या काचेला. गाडीला कपाळ असतं असं मानलं तरी उजवा हात कुठला?

लसीतून चिप टोचतात या गोष्टीचं तर विचारूच नका. कोविशील्ड बनली पुण्याजवळ, हडपसर-मांजरीच्या बाजूला, म्हणजे लोणी देवकरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या याच सोलापूर रस्त्याच्या भागात. एका डोसात अर्धा मिलिलिटर द्रव. माणसाचा ठावठिकाणा दूरवर कळवायचा तर यंत्राला वीज लागते आणि अँटेना लागतो, आणि तसं काही इंजेक्शनच्या सुईतून दंडात जात नाही. मोबाइल मात्र खिशातून चोवीस तास ठावठिकाणा कळवत असतो, आणि चिपचा व्हिडिओ त्याच मोबाइलवर पाहिला जातो.

बारकोडची गोष्ट थोडी अधिक मजेशीर आहे. त्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी दोन-दोन बारीक रेघा असतात आणि त्या सहाच्या आकड्यासारख्या दिसतात, म्हणून तीन वेळा सहा, असा तो शोध. प्रत्यक्षात बारकोडमधला प्रत्येक आकडा सात एकक रुंदीचा असतो. उजव्या भागातल्या सहामध्ये दोन बारीक रेघांनंतर चार एकक मोकळी जागा असते. कडेच्या रेघा तीन एककांच्या आणि मधल्या पाच एककांच्या. त्या रेघा यंत्राला फक्त ‘इथून सुरू, इथे मध्य, इथे संपलं’ एवढंच सांगतात. आकडा म्हणून त्यांची गणतीच होत नाही.

पण चिप नाही, रेघा नाहीत, हे सिद्ध केल्याने मूळ गैरसमज जात नाही. तो विज्ञानाचा नाही, वाचनाचा आहे. प्रकटीकरण हे पुस्तक इंदापूर तालुक्याला उद्देशून लिहिलेलं नाही. पहिल्याच अध्यायात पत्ता दिलेला आहे: इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया इथल्या सात मंडळ्या. ही सगळी गावं आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात आहेत. लिहिणारा योहान पात्म बेटावर होता. इरेनियस हा दुसऱ्या शतकातला बिशप सांगतो की हे दर्शन सम्राट दोमितियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस झालं, म्हणजे इ.स. ९५ च्या आसपास. दुसऱ्याच्या नावचं पत्र आपण उघडलं आहे, एवढं भान ठेवलं तरी अर्धी भीती उतरते.

त्या सात गावांमध्ये ‘विकत घेणं आणि विकणं’ याचा अर्थ काय होता? पर्गममध्ये ख्रिस्तपूर्व २९ पासून रोम आणि सम्राट ऑगस्टस यांच्या पूजेचं मंदिर होतं. थुवतीरामध्ये रंगारी, चांभार, कुंभार, तांबट अशा कारागिरांचे संघ होते. तिथल्या शिलालेखांत त्यांची नावं सापडतात. प्रेषितांच्या कृत्यांतली जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया याच गावची. संघाच्या जेवणावळी देवतांच्या नावाने होत, आणि बाजारातल्या नाण्यांवर सम्राटाचा चेहरा, सोबत देवत्वाच्या पदव्या. अशा ठिकाणी सम्राटाची पूजा नाकारणाऱ्या माणसाचा धंदा बसायला चिपची गरज नव्हती.

आता संख्या. जुन्या पोथ्यांच्या शेवटी शक लिहिताना नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, ऋषी म्हणजे सात अशी शब्दांची मांडणी करत, आणि कटपयादी पद्धतीत तर प्रत्येक अक्षरालाच आकडा असे, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. हिब्रू आणि ग्रीक लोकांकडे आकड्यांसाठी वेगळी चिन्हं नव्हती, अक्षरंच आकडे होती. त्यामुळे प्रत्येक नावाला आपोआप एक बेरीज मिळायची आणि लोक त्याची गंमत करायचे. पाँपेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. तिथल्या एका भिंतीवर कुणा प्रेमवीराने आपल्या प्रेयसीचं नाव न लिहिता तिची संख्या खरडून ठेवली आहे: ५४५. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की नीरो सम्राट असतानाच त्याच्या नावाची ग्रीक बेरीज करून, ती ‘स्वतःच्या आईचा खून केला’ या शब्दांच्या बेरजेइतकी येते, असा टोमणा रोममध्ये फिरत होता.

त्याच नीरोचं नाव हिब्रू अक्षरांत ‘नेरोन कैसर’ असं लिहा. नून ५०, रेश २००, वाव ६, पुन्हा नून ५०. मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००. बेरीज करून बघा. ६६६.

एवढ्यावर कुणी म्हणेल की बेरजा जुळवायला काय, कुणाच्याही नावाची जुळवता येते. बरोबर आहे. म्हणूनच दुसरा पुरावा महत्त्वाचा. काही जुन्या हस्तलिखितांत ही संख्या ६६६ नसून ६१६ आहे. इरेनियसला हे इ.स. १८० च्या सुमारास माहीत होतं आणि तो त्यावर वाद घालतो. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेल्या, सध्या ऑक्सफर्डमध्ये असलेल्या एका पपायरसच्या तुकड्यावरही ६१६ आहे. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘नेरोन’ ऐवजी लॅटिन पद्धतीने ‘नेरो’ लिहिलं की शेवटचा नून गळतो, ५० कमी होतात, आणि बेरीज येते ६१६. एकच माणूस दोन्ही संख्यांत बसतो. आधार कार्डाकडे याचं उत्तर आहे का?

शिवाय नीरो इ.स. ६८ मध्ये आत्महत्या करून मेला तरी तो परत येणार अशी अफवा कितीतरी वर्षं टिकली होती, तोतये नीरोही उभे राहिले होते. प्राणघातक जखम बरी झालेलं श्वापद त्याच अध्यायात आहे. इ.स. ६४ च्या आगीनंतर नीरोने रोममधल्या ख्रिस्ती लोकांचे हाल केले, हे टॅसिटस या ख्रिस्ती नसलेल्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. थुवतीरातल्या वाचकाला हा इशारा कळायला व्हॉट्सअॅपची गरज पडली नसणार.

सगळेच अभ्यासक नीरोवर थांबत नाहीत, हेही सांगायला हवं. सात ही पूर्णतेची संख्या, तिच्यापर्यंत तीनदा न पोचणारी सहा, असा प्रतीकात्मक अर्थ काही जण घेतात. हा सगळा भाग अजून घडायचा आहे असं मानणारे गंभीर अभ्यासकही आहेत. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे, कारण तेसुद्धा मजकूर शेवटपर्यंत वाचतात. शेवटपर्यंत वाचलं की दोन गोष्टी दिसतात. पहिली, चौदाव्या अध्यायातलं नववं वचन: तिथे खूण घेणं आणि श्वापदाची पूजा करणं एकत्र येतं. खूण ही निष्ठेची आहे. झोपेत, नकळत, लसीच्या सुईतून कुणाला निष्ठा टोचता येत नाही. दुसरी गोष्ट त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात आहे. ६६६ नंतर लगेच एक लाख चव्वेचाळीस हजार लोक दिसतात आणि त्यांच्या कपाळावर कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलेलं असतं. आता या कपाळावरच्या नावाची चिप कुठल्या कंपनीत बनते, हे कुणी विचारत नाही. ते नाव प्रतीक आणि शेजारची खूण मात्र इलेक्ट्रॉनिक, हा न्याय कुठला?

६६६ चं वचन आणि हे नावाचं वचन एकमेकांना लागून आहेत, तरी व्हिडिओत तेराव्याच्या शेवटावर वाचन थांबतं. अध्याय बदलतो ना! पण ते अध्याय योहानाने पाडलेले नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टन याने केली आणि नव्या कराराचे वचनांचे आकडे १५५१ मध्ये रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकाने घातले. योहानाच्या मूळ मजकुरात श्वापदाची खूण आणि कोकऱ्याचं नाव समोरासमोर उभी आहेत.

इरेनियसने तेव्हाच या संख्येत बसणारी दोन-तीन नावं देऊन वर बजावलं होतं की घाईने अंदाज बांधण्यापेक्षा थांबलेलं बरं. तरी पुढे पोप झाले, नेपोलियन झाला, हिटलर झाला. यादी लांबतच गेली आणि आधीच्या अंदाजाबद्दल कुणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही. मिझोराममध्ये काही ख्रिस्ती गटांनी याच भीतीने आधार नाकारल्याच्या बातम्या होत्या. आधारबद्दल तक्रार करायला खरी कारणं आहेत: ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाच्या बोटांचे ठसे झिजतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार वैध ठरवलं, पण बँक खात्याला ते सक्तीने जोडण्याची अट रद्द केली. त्या लढाईत ‘श्वापद’ हा मुद्दा घेऊन गेलं तर खऱ्या मुद्द्याचंही हसं होतं.

आणि हो, बारामतीच्या आरटीओत एमएच ४२ च्या एखाद्या मालिकेत ०६६६ नंबर वाट्याला आला तर गाडी बिनधास्त चालवा.

‘शास्त्राला असे प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास’ हे वाक्य या चर्चेत कुणीतरी टाकतंच. असं म्हणणाऱ्यांनी पुण्याकडे जाताना चौफुल्याला वळून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, जाऊन यावं. रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज इथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला, आणि त्यानंतर त्या तिथल्या मठातल्या भगिनींशी आणि मिस बील या शिक्षिकेशी त्रैक्यापासून अनेक विषयांवर पत्रांतून अक्षरशः भांडत होत्या. चर्च म्हणतं म्हणून मानायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. शास्त्रात कुठे आहे ते दाखवा, असा त्यांचा हट्ट होता. ती पत्रं छापलेली आहेत. पुढे त्याच बाईंनी मुक्ती मिशनमध्ये बसून आयुष्याची शेवटची वर्षं शास्त्राच्या भाषांतराला दिली.

बायबलबद्दलच्या उरलेल्या शंका थोडक्यात. एदेन बागेत सफरचंद नव्हतं. उत्पत्तीत नुसतं ‘फळ’ आहे. योनाला गिळणारा देवमासा नव्हता, ‘मोठा मासा’ एवढंच लिहिलं आहे. नाताळच्या देखाव्यात तीन राजे ठेवता ते खुशाल ठेवा, पण मत्तय त्यांना राजे म्हणत नाही आणि आकडाही देत नाही. तीन आहेत त्या भेटी. दिमिष्काच्या वाटेवर पौल घोड्यावरून पडला नाही, तो जमिनीवर पडला. घोडा चित्रकारांनी दिला. मग्दालीया मरीया वेश्या होती हे शुभवर्तमानात कुठेही नाही. पोप ग्रेगरी यांनी ५९१ मधल्या एका प्रवचनात तीन वेगळ्या स्त्रिया एकत्र केल्या आणि बिचारी १४०० वर्षं बदनाम राहिली. उंट आणि सुईचं नाक यांबद्दल बोलताना ‘यरुशलेमला सुईचं नाक नावाचा छोटा दरवाजा होता, उंट गुडघे टेकून आत जायचा’ असं सांगणाऱ्या पाळकांना नम्र विनंती: येशूच्या काळी असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही, ही गोष्ट मध्ययुगातली आहे, आणि शिष्य ‘मग कोण तरणार’ म्हणून थक्क झाले ते बोलणं कठीण होतं म्हणूनच. ‘स्वतःला मदत करणाऱ्याला देव मदत करतो’ हे बायबलमध्ये नाही, तसं ‘प्रयत्नांती परमेश्वर’ही नाही. नव्या करारात कोणती पुस्तकं घ्यायची हे इ.स. ३२५ च्या निकियाच्या परिषदेने मतदानाने ठरवलं नाही. आजची २७ पुस्तकांची यादी जशीच्या तशी पहिल्यांदा दिसते ती अथनासियसच्या ३६७ च्या पत्रात. कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ आणि प्रोटेस्टंटांच्या ६६ पुस्तकं असण्याचं कारण जुन्या कराराच्या दोन जुन्या याद्या. नवा करार दोघांचाही सारखाच.

आणि ‘मराठी बायबल म्हणजे साहेबाच्या इंग्रजी बायबलचं भाषांतर’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा केडगाव. रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि मूळ भाषांतून सगळं शास्त्र मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा ते काम नुकतंच पुरं झालं होतं; पुस्तक १९२४ मध्ये मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, आणि त्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच मुली आणि बाया होत्या.